खाच

रिबेइरा बंदराच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमची लॅब.
सकाळी कुरिअरवाला डबा ठेवून जातो.
आत टिश्यूत गुंडाळलेलं
एक प्लास्टरचं तोंड.

बुडाशी पेन्सिलीनं : दोसिंदा, वय एकोणऐंशी.
वरची कवळी पूर्ण.
खालचे पुढचे सहा दात स्वतःचे.
ओळखतो मी तिला. धक्क्यावर जाळी सांधायची.
पण साचा तो साचा.

फिरत्या तबकडीवर मेणानं चिकटवतो.
झाकण लावलं की निळे पट्टे पडतात,
सरळ येतात, हिरडीच्या चढावर वाकतात.
किती वाकले
एवढंच यंत्राला हवं असतं.
वाकण्यातून उंची, उंचीतून बिंदू,
लाखो बिंदू,
आणि पडद्यावर टाळूची कमान उगवते
जी तिनं स्वतःसुद्धा
फक्त जिभेनं पाहिलेली.

कुठे कुठे प्रकाश पोचत नाही. तिथे भोकं राहतात.
साचा कलता करायचा, पुन्हा फिरवायचा.
तरी एखादा कोपरा हट्टानं काळाच.
मग प्रोग्रॅम विचारतो : भरू?
मी बहुधा हो म्हणतो.

आज त्यानं खालचा एक दात लाल केला.
डावा पटाशीचा. कडेला खाच,
अर्धगोल, दोरा जाईल एवढी.
दोष आढळला. गुळगुळीत करू?

पासष्ट वर्षांचा दोरा. आधी सुताचा, मग नायलॉनचा.
दोन्ही हात जाळ्यात, म्हणजे टोक दाताखाली
आणि मानेला झटका.
लहानपणी ऐकलंय मी, ओळीनं बसलेल्या दहाजणी,
टक्. टक्.
गप्पा न थांबवता.
पाठ, मनगटं, डोळे यांना धंद्याचे आजार म्हणा
म्हणून कचेऱ्यांत दातांच्या कण्या केल्या त्यांनी.
दातांचं मात्र कुणी लिहून दिलं नव्हतं.

नाही, म्हटलं मी यंत्राला.
राहू दे.

गुरुवारी ती आली, मेणातली कवळी लावून बघायला.
मी पडदा तिच्याकडे वळवला,
खाच मोठी केली,
आणि जरा ओल्या आवाजात म्हणालो,
हा तुमचा दोरा.

ती चष्मा पुसून वाकली. बराच वेळ पाहिलं.
“दोरा सुरीनं कापतात रे.
सुरी कमरेला असते.
हे बियांचं आहे. सूर्यफुलाच्या.
सगळ्या त्याच जागी फोडायच्या मी.”

टक् टक्?
“मग दुसरं काय?”

मी नियम सांगितला. कवळी आली की
पुढच्या दातांनी काही फोडायचं नाही,
पुढे दाब पडला की ती मागून उचलते.
तिनं ऐकून घेतलं.
मग कोटाच्या खिशातून कागदी पुडी काढून
माझ्या टेबलावर, मेणाच्या दिव्याशेजारी ठेवली.

“बरं. मग तू फोड.”