दाखल-खारीज

रत्नागिरीहून पत्र आलं:
हर्णै बंदरात गेल्या दहा वर्षांत
नेपाळहून खलाशी किती आले,
पैकी कायमचे परत किती गेले,
अंदाजे आकडा आठ दिवसांत कळवावा.

आलेले मला पाठ आहेत.
सोसायटीच्या वहीत, माझ्याच अक्षरात:
नाव, फोटो, नौका, तांडेल, अंगठा.
तीनशे बारा.
जाण्याचा रकाना आखलाच नव्हता.
वही मीच आखली होती, लाल पेनने.

म्हटलं, वजाबाकी करू.
नौका शाकारल्या त्या आठवड्यात किती एसटीत चढले,
नारळी पुनवेला किती उतरले.
पण चुल्हाई थारू मधेच देवगडला उतरतो,
कलमांच्या राखणीला.
तिथल्या वहीत तो आलेला, माझ्या वहीत गेलेला.
त्याला विचारलं तर म्हणतो,
मैं तो यहीं हूँ, मॅडम.

मग उधारी पाहिली.
सोलकर म्हणाले, कायमचा जातो तो फेडून जातो,
बुडवून जातो तो परत येतो,
लाजेनं का होईना.
फेडलेली खाती एक्केचाळीस.
त्यातले नऊजण मी काल लिलावात पाहिले,
टोपल्या उचलताना.

गजा पावसे जाळं विणता विणता हसला,
"सुटलेलं म्हावरं कोन मोजतंय गो बाय?"

(माझा भाऊ एकवीस वर्षं मस्कतला.
रेशनकार्डावरून नाव कमी करू म्हटलं
तर आई ताटावरून उठते.)

शेवटी शाळेत गेले.
तिथे तरी सोडल्याचा कागद असतो.
बाईंनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं.
"दाखला नेला तो गेला. नाही नेला तो सुट्टीवर."
जन्मगाव टीकापूर, जिल्हा कैलाली.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांची बदली.
खाली तेच, त्याखाली तेच.
खलाशाची बदली, बाई? कुठल्या खात्यात?
"रकान्यात मावेल असा दुसरा शब्द सांगा."

पायरीवर रेशमी चौधरी बसली होती, इयत्ता चौथी.
मार्चमध्ये नेलेला दाखला पिशवीत,
घडीवर फाटलेला.
तिकडची शाळा म्हणाली, हा कागद वाचायचा कुणी?
आई गुरुवारपासून पुन्हा करंदी सोलते आहे.

बाईंनी तिला नवा नंबर दिला.
जुना खोडता येत नाही.
आता रजिस्टरात दोन रेशमी,
एक गेलेली, एक आलेली,
आणि दोघींना मिळून एकच चप्पलजोड.

आठव्या दिवशी लिहिलं:
अंदाजे एकशे सत्तर.
पाकीट पेटीत टाकलं आणि जेटीवरून घरी निघाले.
बर्फाच्या ढिगाशी कुणीतरी ओळखीच्या आवाजात
हाक मारली, मॅडम.
मी मान वर केली नाही.
केली असती तर
एकशे एकोणसत्तर करावे लागले असते.