चार हात

कोशित्सेच्या सिनेगॉगची मागची खोली,
हिवाळ्यात आम्ही कसेबसे दहा जमतो.
नऊ झाले की लायोश दारात उभा राहून
रस्त्याकडे बघतो, उधारी वसूल करायला आल्यासारखा.
दहावा बहुधा तिबोर. ट्राम चालवतो.
गणवेशावरच शाल ओढतो,
हाताला चामडी पट्टीचे सात वेढे घालतो,
एकही न चुकवता, घड्याळ न बघता.
पुढं तो फार थांबत नाही. लायोश कानाडोळा करतो.

मी सावकाश.
मूक प्रार्थना उभ्यानं म्हणायची, पाय जुळवून.
मी एकेक अक्षर जिभेवर विरघळू देतो,
डोळे मिटतो, डुलतो,
आणि खरं सांगायचं तर
मधूनच अंदाज घेतो, माझा उसासा कितपत ऐकू गेला.

संपलं की तीन पावलं मागं जायचं,
डावीकडे वाकायचं, उजवीकडे, मग समोर,
राजाला पाठ दाखवत नाहीत, तसं.
पण मागचा अजून प्रार्थनेत असेल तर
त्याच्या चार हातांत पाऊल टाकायचं नाही.
थांबायचं.
हा नियम मला लहानपणापासून पाठ.

त्या मंगळवारी कुणाचं तरी पुस्तक पडलं.
मी डोळे उघडले.
समोर तिबोरची पाठ,
डाव्या बुटाची टाच जराशी उचललेली,
पुन्हा टेकवलेली.
त्याचं कधीचंच झालं होतं.
भिंतीवर आठाला सात मिनिटं कमी,
डेपोत पोलाद कारखान्याची पहिली पाळी खोळंबलेली,
आणि हा माझ्या भक्तीपुढं खिळलेला.
किती सकाळी असा?
मी कधी बघितलं नव्हतं.
तो कधी खाकरला नव्हता.

उरलेलं मी भराभर म्हटलं.
शेवटचं, शांतीचं मागणं,
तेवढं मात्र त्या घाईत मनापासून निघालं.

दुसऱ्या दिवशी अशी जागा शोधली
जिथं माझ्यापुढं कुणीच नसेल.
एकच होती. पूर्वेची भिंत,
मानकऱ्यांची. त्यातले निम्मे आता टेकडीवर, दगडाखाली.
लायोशची भुवई वर गेली.
म्हातारा फिशमान शेजाऱ्याला म्हणाला,
मला ऐकू येईल इतपत हळू,
"उतारवयात माणसाला मान लागतो."
कान तापले. सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.
भिंतीला ओल आहे, पोपडे आलेत,
तिच्याकडे तोंड करून पाय जुळवले.

मागं कुठंतरी तीन पावलं वाजली.
पट्टीचे वेढे सुटले.
मग दार.

मी अजून पहिल्याच ओळीवर होतो.