समोर गिळा

उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, असा नियम.
म्हणून आधी विचारते, "जेवलात का?"
मग तीन पांढऱ्या, एक चघळायची.
"माह्यासमोर गिळा."

मंगरू मडावी गालात धरतो,
मान हलवत अंगणातल्या कोंबड्या मोजतो.
मला दिसतं.
तरी बोटाला शाई लावते, मतदानासारखी.
अंधाराआधी एकशे चाळीस घरं भरायचीत
हत्तीपायाच्या रजिस्टरात.

सायत्रामामीचा पाय पाटावर,
सागाच्या बुंध्यागत.
"मंगऱ्यानं थुकल्या, त्याई मलेच दे," म्हणते,
"माह्या वक्ताले कोणी दारात आलं नाही वो."

घरी हात धुते.
माझ्याही बोटाला शाई आहे,
मीच लावलेली.
मागच्या साली चक्कर आली होती धुऱ्यावर.
यंदाच्या चारही
पदराच्या गाठीत.