कोरडी छत्री

मी काही सिनेमातला जाणकार नाही.
सव्वीस वर्षं दोरगाडी चालवली, वाल्पाराइसोच्या टेकडीवर.
खाली बंदर, वर पत्र्याची रंगीत घरं,
मधे दोर, आणि दोराच्या भरवशावर माणसं.
एक डबा चढतो तेव्हाच दुसरा उतरतो.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मला कुणी पडद्यावर दाखवायची गरज नव्हती.

तरी दाखवलं.

खलाशांच्या जुन्या सभागृहात
रोसामेल स्वतःच्या खिशातून रिळं आणायचा.
हे एक दर हिवाळ्यात यायचंच:
काळापांढरा, कुठल्याशा थंड देशातला,
भाषा कळायची नाही,
खालची अक्षरं धापा टाकत मागून यायची
आणि चौथ्या रिळात नायिकेच्या खांद्यावर
एक जळका डाग नाचायचा.

गोष्ट एवढीच.
बाई एकटी. तिसरा मजला. बाहेर धो धो पाऊस.
एक सभ्य गृहस्थ दार वाजवतो,
म्हणतो, ट्रामची वाट पाहून पाहून थकलो,
घटकाभर टेकू का?
छत्री कोपऱ्यात उभी करतो.
ती चहाचं आधण ठेवते.
आणि अकरा मिनिटं
काहीही घडत नाही.

(माझा मेहुणा नोल्बेर्तो इथे हमखास उठायचा,
सिगरेट शिलगावत म्हणायचा,
एक गोळी तरी सुटू दे की रे.)

मी मात्र खुर्चीला चिकटलेला.
कॅमेरा जागचा हलत नाही,
उंबऱ्यात बसलेल्या मांजरासारखा नुसता बघतो.
ती विचारते, साखर किती?
तो म्हणतो, दोन.
ती तीन घालते.
तीनदा पाहूनही मला त्या चमच्याचा उलगडा झाला नव्हता.
मनात पाल चुकचुकायची, बस्स.

ऑर्तेन्सियाला सिनेमाचं वेड नव्हतं.
ती यायची सभागृहातल्या शेगडीसाठी.
मांडीवर लोकर, मान खाली,
पडदा तिच्या हिशेबी एक उजेड देणारी भिंत.
चौथ्या वर्षी, त्या अकरा मिनिटांच्या ऐन मध्यावर
तिच्या सुया थांबल्या.
मान वर न करता म्हणाली,
"छत्री कोरडी आहे."

कशावरून?

"ठिबकत नाहीये."

पत्र्याच्या घरात जन्मलेली बाई ती.
कुठल्या घमेल्यात किती पाणी साठलंय
ते अंथरुणातून सांगायची.

मग मी पाहिलं.
छत्रीखालची फरशी, लख्ख कोरडी,
पहिल्या मिनिटापासून डोळ्यांसमोर,
कुणीही न लपवलेली.
म्हणजे तो रस्त्यावरून आलाच नव्हता.
तो इमारतीतच होता, कधीपासून कोण जाणे.
आणि तो तिसरा चमचा!
तिलाही दिसलंय,
आणि हात कापू नये म्हणून
हाताला ती एक जास्तीचं काम देतेय.

माझ्या डब्यांसारखंच होतं की हे.
तो चढत असतो, त्याचं खोटं उतरत असतं,
आणि मधोमध, कपबशीच्या जागी,
दोन्ही एकमेकांना ओळख न देता ओलांडतात.

शेवट मला तितकासा आवडत नाही.
पोलीस येतात, दिवे लागतात,
बँड वाजल्यासारखं संगीत वाजतं.
तेवढं मी माफ केलंय.

यंदा जूनमध्ये रोसामेलने रीळ पुन्हा लावलं.
डाग आता खांद्यावरून गळ्यापर्यंत आलाय.
शेजारच्या खुर्चीवर मी कोट ठेवला होता.
अकरा मिनिटं सुरू झाली तसे डोळे मिटले.
पाऊस. किटली. चमचा कपाला लागला,
एक, दोन,
तीन.
आणि कोपऱ्यातून काहीच ऐकू न येणं,
ते मी पहिल्यांदा ऐकलं.
सुयांचंही.

नोल्बेर्तो सिगरेट संपवून आला.
म्हणाला, झालं का काही?
नाही, म्हटलं, बस.
कोट उचलून मांडीवर घेतला.