खुंटी

फाटकावरच्या रजिस्टरात आमची चार नावं,
गावाच्या रकान्यात चारदा अकोट.
मग बाटू कासदेकरनं पेन घेतलं.
शेवटची काडी ओढावी तसं वाऱ्याला पाठ देऊन
काहीतरी लिहिलं.
वनरक्षकानं वाचलं, काही बोलला नाही,
आमच्या पिशव्यांतल्या काडेपेट्या तेवढ्या काढून घेतल्या.

आम्ही वाघ बघायला आलो होतो.
उज्ज्वलाताईंकडे दुर्बीण,
मेव्हण्याच्या डोक्यावर सातशेची टोपी,
त्याचा पोरगा दर ओढ्याला विचारणार, इथं असेल?
माझ्या पाठीवर भाड्याचा तंबू,
पिशवीवर मार्करनं लिहिलेलं कुण्या नितनवरेचं नाव.

जागा छान मिळाली. सपाट, साफ,
मोहाची तीन मोठी झाडं,
जंगलात इतकी सपाट जागा कशी, हे कुणी विचारलं नाही.

तीन खुंट्या गेल्या. चौथी जाईना.
मी दगडानं ठोकली, ती वाकली.
माती उकरली तर खाली
गुळगुळीत, गोल, वाटीएवढा खळगा.
"साहेब, दोन हात सरका," बाटू म्हणाला,
"हे मायचं उखळ."

मग अंधार पडेस्तोवर तो आम्हाला घरं दाखवत राहिला.
ताई बसल्या तिथं दार.
मेव्हण्यानं बूट काढले तो गोठा, चार बैल, एक लंगडा.
पलीकडं भुमकाचं घर, त्याच्या अंगणात
होळीनंतर पाच रात्री ढोल.
जांबूढाणा, एकोणचाळीस उंबरे.
हात असा फिरवायचा की आम्ही
भिंतीला डोकं लागेल म्हणून वाकायचो.

"आणि वाघ?" पोरानं विचारलं.
"कुला? तो होताच की. त्याला कुठं हलवलं."

नवीन गाव पायथ्याशी आहे म्हणाला, डांबरी सडक आहे,
नळाला पाणी एक दिवसाआड.
वाईट नाही, म्हणाला. मोटरसायकल घेतली.
फक्त तिथं झाडांना नावं नाहीत.
इथलं हे मोहाचं झाड मायचं, ते मोठ्या काकीचं,
ते तिसरं भांडणातलं,
दोन्हीकडचे रात्रीच येऊन बसायचे टोपल्या घेऊन.

त्या रात्री वाघ आला नाही, निदान कळलं नाही.
तंबूवर मोहाची फुलं पडत राहिली,
टप.
बराच वेळ काही नाही.
टप टप.
भांडणातल्या झाडाखाली आम्ही चौघं
आणि वेचायला कुणीच नाही.
जंगलातून काही न्यायचं नाही, असा नियम,
तसा तो फाटकावर रंगवलेलाच आहे.

पहाटे लघवीला उठलो तर बाटू जागेवर नव्हता.
झाडांच्या मागं एक सागाची फळी उभी,
कमरेएवढी, वाळवीनं खालून खाल्लेली,
तिच्यावर चंद्र, सूर्य, घोड्यावर बसलेला माणूस.
घोड्याचा एक पाय उरलाय.
त्याच्या म्हाताऱ्याचा मुंडा.
बाटू आमच्या बिसलरीतलं पाणी
थेंब थेंब त्याच्या बुडाशी सोडत होता
आणि कोरकूत बोलत होता, हळू नाही,
शेजारच्या घरात बोलावं तेवढ्या आवाजात.
मला एकच शब्द कळला: अकोट.
आमची ओळख करून देत असावा.
मी उगाच शर्टाची बटणं लावली.

परतताना फाटकावर रजिस्टर पुन्हा उघडलं.
बाटूच्या नावापुढं जांबूढाणा,
त्यावर लाल रेघ, बाजूला नव्या गावाचं नाव,
वनरक्षकाच्या सुबक अक्षरात.
मी मागची पानं चाळली.
दर आठ-दहा दिवसांनी जांबूढाणा,
दर आठ-दहा दिवसांनी लाल रेघ.
दोघंही एकमेकांशी काही बोलत नाहीत.
वनरक्षकानं त्याला तंबाखू दिली.

अकोटात तंबू परत केला.
नितनवरेनं खुंट्या मोजल्या, वाकलेली वेगळी काढली,
म्हणाला, वीस रुपये. दगड लागला का?

म्हटलं, नाही.
गाव लागलं.