सोमवारची शिवण

रविवारी ते मारतात, सोमवारी मी शिवते.
पोत्यात भरून येतात बैलांच्या आखाड्यातल्या गाद्या.
गाद्या कसल्या, वीतभर तुकडे,
दगडी पायऱ्या ढुंगणाला बोचू नयेत म्हणून
माझा भाऊ सेलेदोनियो भाड्यानं देतो.
परत येतात तेव्हा
कुठे सिगारेटचं भोक, कुठे वाईनचा डाग,
आणि कडेला, नेहमी कडेलाच,
बोटांनी उपसलेला कापूस.

मी बैल पाहिलाय तो दुएरोच्या काठी,
माश्या हाकताना, गायीइतकाच कंटाळलेला.
आखाड्यातला नाही.
तिथलं मला उसवलेले टाके सांगतात.

सावलीकडची सातवी रांग, औषधवाला फ्रोइलान.
लहान पोराला सुई टोचताना
हा माणूस स्वतःचेच डोळे मिटतो.
त्याच्या गादीतून दर वर्षी ओंजळभर कापूस जातो.
उन्हात बसते मासळीवाली विसितासिओन,
तिची मधोमध फाटलेली, दोन्ही मुठींनी.
पाद्रीबाबांची शाबूत.
फक्त एकदा तिच्या घडीत
जपमाळेचा मणी सापडला, फुटका.

खोकल्याचं औषध घेताना फ्रोइलानला विचारलं,
काय बघता हो तिथे?
तो गोळ्या मोजत राहिला.
मग म्हणाला, रात्री शेजारचं दार वाजतं ना, एउतिमिया,
आणि आपण अंथरुणात श्वास धरून ऐकतो,
आपलं नाही, आपलं नाही...
तसं काहीतरी.
अडीच युरो झाले.

मागच्या ऑगस्टात सेलेदोनियोचा पाय मोडला.
गाद्या वाटायला मी गेले.
कर्णा वाजायच्या आत निघायचं ठरवलं होतं.
दार तीन पावलांवर होतं.
एक गादी उरली होती, तिच्यावर टेकले, इतकंच.

पोरगा एकोणीस-वीसचा असेल.
माझी नजर गेली त्याच्या मांडीवर.
सोनेरी कापडावर पिवळ्या धाग्याची शिवण,
घाईची, घरच्या हाताची,
आईनंच घातली असणार, दिव्याखाली, रडत किंवा न रडता.
म्हणजे शिंग आधी एकदा तिथेच लागलं होतं.
बैल वळला.
सगळा आखाडा एका घशानं गप्प झाला.
मला वाटलं, बघू, टाके धरतात का.
खोटं कशाला बोलू?
मला ते तुटायला हवे होते.

तुटले नाहीत.
शिंग बोटभर अंतरावरून गेलं,
बैल पडला, लोक उभे राहिले, रुमाल फडकले,
पोरानं टोपी काढून सगळ्यांना दाखवली.
आणि मी, काहीतरी पदरात पडायचं राहून गेल्यासारखी,
तणतणत घरी आले.
सूप जास्त खारट झालं त्या रात्री.

सोमवारी पोतं उपसलं.
त्यात एक गादी आहे, कडेचा कापूस बाहेर.
नखांत अडकलेला मी रात्रीच धुतला होता.
बाकी सगळ्या शिवून झाल्या.
ती अजून खुर्चीवर आहे.
सेलेदोनियो रोज विचारतो, ही कुणाची?