तूरडाळ, मण

शोधचौकटीत टाइप केलं : निनावे.
यंत्रानं विचारलं, तुम्हाला ‘निनावी’ म्हणायचं आहे का?
आणि उत्तराची वाट न बघता समोर ओतली
निनावी पत्रं, निनावी देणग्या,
जुम्मा तलावात सापडलेलं एक निनावी प्रेत.
आडनाव आहे हो ते आमचं, टिमकीतल्या कोष्ट्यांचं,
मागावरून उठून छापखान्यात गेलेल्या एका माणसाचं.

खिळे जुळवणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही.
ठाऊक होतं मला. तरी.

मग युक्त्या शिकले.
जुनी शाई पसरलेली असते, यंत्राला घ चा ध दिसतो,
भ चा म, इतवारीची हतवारी.
चुकीचं लिहिलं की बरोबर सापडतं.
‘हतवारी’ लिहून मी इतवारीत शिरले,
‘मंडारा’ लिहून भंडाऱ्याला जाऊन आले.
बाबा कुठल्याच चुकीत नव्हते.

त्यांची चूक एकच, त्यांनीच सांगितलेली :
“तू झाली ना, त्या राती घाईत एक ळ उलटा बसला पोट्टे.
मालकानं चार आणे कापले.”
आई चुलीपासून : “ळ कायचा! पत्ते कुटत होते
गोळीबार चौकात. तिसऱ्या दिवशी आले तोंड दाखवाले.”
चाळीस वर्षं हेच. भांडण अर्धवट ठेवून
आधी ते गेले, मग ती.

उलटा ळ शोधता येत नाही. यंत्र त्याला डाग समजतं.
म्हणून एकोणीसशे सत्तावन्न, मे महिना, एकेक पान.
बाहेर नवतपा लागलेला, कूलरचा वाळा दुपारीच कोरडा,
नातू दोनदा येऊन विचारून गेला, आजी, गेम खेळतेस का?

अठरा तारीख. पान चार. बाजारभाव.
जवस, सरकी, आणि त्याखाली तूरडाळ, मण,
तिथं तो. शिरोरेषा पायाखाली घेतलेला,
टेबलावर उताणा ठेवलेल्या चष्म्यासारखा.
मोठा केला. आणखी मोठा केला.
इतका, की कागदाचे तंतू दिसले आणि ळ नाहीसा झाला.
परत लहान केला.

बाजूला बटण : ‘मजकुरात चूक आढळल्यास दुरुस्त करा.’
यंत्रानं वाचलं होतं, ‘तूरडा मण’.
बोट तिथं ठेवून बराच वेळ बसले.
नाही केली.

आईला दाखवायला हवं होतं.
म्हणाली असती, एक ळ बसवाले काय रातभर लागते?
खरंच, बाकीची रात्र कुठल्या पानावर आहे?

तेव्हा लक्षात आलं,
तिचं नाव मी एकदाही टाकलं नव्हतं.
पूर्णा.
चारशे बारा निकाल.
सगळे पुराचे.